ओतूरची चायनीज कॉलर

टेलरला किस्से शोधत फिरावं लागत नाही. माप घ्यायला माणूस उभा केला, की हात आडवे, पोट आत, मान ताठ. मोकळं राहतं ते फक्त तोंड! मग तो बोलत सुटतो. आपण टेप धरून ‘छाती अडतीस’ म्हणायचं आणि ऐकायचं. ओतूरच्या पेठेत माझं दुकान. इतक्या वर्षांत इतकं ऐकलंय की कुठलं आधी सांगावं तेच कळत नाही. आज फक्त चायनीज कॉलरचं सांगतो.

आधी माझी खोड सांगतो. मला स्वस्थ बसवत नाही. मशीन बंद असलं तरी पाय हलत असतो. आणि धंदा काय, तर शाळेचे ड्रेस! खाकी, पांढरा, खाकी, पांढरा. एका उन्हाळ्यात तर रडायचा बाकी होतो. हेच शिवत म्हातारं व्हायचं का राव? तेवढ्यात, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, टीव्हीवरच्या हिरोंनी शर्टाची कॉलर काढून टाकली आणि गळ्याभोवती नुसती उभी पट्टी आली. चायनीज कॉलर!

मी लगेच पेंटरला बोलावून पाटी रंगवून घेतली. पठ्ठ्याने ‘येथे चायनीज’ एवढं मोठ्ठं काढलं, आणि जागा संपली म्हणून ‘कॉलर शिवून मिळेल’ हे खाली बारीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. टेबलाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि म्हणालं, “हाफ प्लेट मिळंल का?”

*

पहिला शर्ट शिवला बोरी बुद्रुकच्या एका कॉलेजच्या पोराचा. मोरपंखी रंग, उभी पट्टी, दोन टोकं गोल. पोरगा आरशासमोरून हलेना!

चार दिवसांनी त्याचे वडील आले. शर्ट कागदात गुंडाळलेला. टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात, मला कमीपणा नको म्हणून, म्हणाले, “मास्तर, कापड कमी पडलं व्हतं तर निरोप धाडायचा. पोराला पट्टीवर भागवलं व्हय?”

मी म्हटलं, “भाऊ, कापड कमी नाही पडलं. ही फॅशन आहे. चीनमध्ये असंच घालतात.”

त्यांनी शर्ट परत कागदात गुंडाळला. मग मान हलवून म्हणाले, “आसंल. तिकडं माणसं लई. कापड पुरत नसंल!”

*

एकदा एक पुढारी आणि त्यांचा मुलगा एकाच दिवशी आले. वडिलांना पांढरा नेहरू शर्ट, मुलाला पांढरा चायनीज कॉलर. “यांच्यासारखा म्हातारा नको हां,” मुलगा वडिलांकडे बोट दाखवून बजावत होता. वडील म्हणत होते, “माझ्या शर्टाला तुमचं ते चायना-बियना लावू नका, मला सभेला जायचंय.”

मी दोन्ही एकाच कागदावर कापले. गळा तोच, पट्टी तीच. दोघंही खूश होऊन गेले. पुढे कळलं, घरी इस्त्रीवाल्याने अदलाबदल केली होती. सबंध प्रचारात दोघांनाही पत्ता नाही!

*

शर्टावर माझं भागेना. एका जुन्या मासिकात चिनी पुरुषाचा फोटो सापडला. अंगरख्याचा पुढचा भाग तिरका, एकावर एक आलेला, काखेखाली बंद. फोटोत एक हात आडवा आल्याने बंद नेमका कुठे बांधलाय ते दिसेना. तीन वेळा स्वस्त मांजरपाट कापडावर कापला, तीन वेळा फसला. बायको म्हणाली, “चीनला तरी जा, नाहीतर जेवायला तरी या!” चौथ्यांदा जमला. निळ्या कापडाचा, पांढरी किनार लावून, नव्या पद्धतीने आखूड केला आणि शोकेसमध्ये टांगला. ओतूरमध्ये असा कपडा कोणी पाहिला नव्हता, याची मला खात्री होती.

घाटघरच्या एक आजी सुनेबरोबर बाजाराला आल्या होत्या. शोकेसपुढे थबकल्या. आत आल्या, कपडा हातात धरला, उलटा करून आतली शिवण बघितली. माझी छाती फुगली.

“मास्तर, ही आमच्या मामंजींची बंडी हितं कुणी आणून टांगली?”

“आजी, हा चायनीज आहे.”

“गप! असाच तिरका पदर, असंच काखंत बंद. बंद तुटला की समद्या घराला शिव्या घालायचा म्हातारा.” मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “बघ गं, मरून तीस वर्सं झाली, तरी बंडी हाये तशीच. तुमी लोकं दोन धुण्यात फाडता!”

*

माझ्या शेजारी कांतिशेठचं कापडाचं दुकान. मूळचे राजस्थानचे जैन, पण तीन पिढ्या ओतूरमध्ये. भांडतानासुद्धा मराठीतच भांडायचे. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगा म्हणाला, “मला चायनीज सूट पाहिजे, सिल्कचा. लांब, बाजूला चिरा, उभा गळा.”

शेठ म्हणाले, “आपल्याकडे बंद गळ्याचा जोधपुरी असतो. आणि सिल्क तर नाहीच नाही. एका सुटासाठी हजारो किडे उकळत्या पाण्यात टाकतात. ते पाप अंगावर घालून मांडवात उभा राहणार तू?”

मुलगा रुसला. दोन दिवस गल्ल्यावर बसेना. शेठ माझ्याकडे आले, माझा टेप गुंडाळत आणि सोडत बसले. शेवटी म्हणाले, “मास्तर, एकच पोरगा आहे. काहीतरी काढा यातून.”

मी पॉलिएस्टरचं सॅटिन काढलं. सिल्कसारखं चमकणारं, एकाही किड्याचा जीव न घेतलेलं. कंबरेपर्यंत जोधपुरी, खाली चायनीज. वर बघितलं की शेठ खूश, खाली बघितलं की पोरगा खूश!

लग्न मे महिन्यात, दुपारी. पॉलिएस्टरला वारा लागत नाही. नवरदेव घामाने असा निथळला, की हार घालताना नवरीचा हात सरकला. शेठ माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, “मास्तर, किडे वाचले. पण जावई गेला असं सासरा म्हणायच्या आत पंखा फिरवा!”

*

आळेफाट्याच्या बाजूला एकाने चायनीज हॉटेल काढलं आणि दोन वेटरांसाठी ड्रेस माझ्याकडे टाकले. काळा अंगरखा, लाल पट्टी. वेटर दोघंही डोंगरातले, भातशेतीतली काटक पोरं. ड्रेस चढवला आणि एकदम रुबाब आला.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ दोन मुलं घेऊन आत शिरले. थेट मोठ्या वेटरला नमस्कार केला. “सर, यांना कराटे शिकवायचंय. बॅच किती वाजता असते?”

वेटर शांतपणे म्हणाला, “बसा ना. आधी मंचुरियन घ्या. त्ये पचलं, तर पुढचं बगू!”

*

आता शेवटचं.

आंबेगाव तालुक्यातले एक नाना होते, निवृत्त फौजी. चीनच्या लढाईत पकडले गेले होते आणि काही महिने तिकडे कैदेत होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नानांनी स्वतः त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. त्यांच्या नातवाला लग्नात अस्सल चायनीज कोट हवा होता, छातीवर कापडी दोरीच्या गाठींची पाच बटणं.

मी विचारलं, “नानांना सांगितलंस का?”

“जोधपुरी म्हणून सांगितलंय. तुमीबी तेच सांगा.”

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात गाठी जमेनात. बांधल्या की सुटायच्या. कशाबशा पाच बांधून कोटाशेजारी ठेवल्या, अजून कोटाला शिवायच्या होत्या. आणि ट्रायलला नातवाऐवजी नानाच आले!

मी घाईने कोटावर कापड टाकलं. नानांनी ते बाजूला केलं. उभ्या गळ्यावरून बोट फिरवलं.

“जोधपुरी आहे, नाना,” मी म्हणालो.

नाना स्टुलावर बसले, एक गाठ उचलली आणि सोडली. मग दुसरी. एकेक करत पाचही सोडल्या. मला वाटलं, संपलं. आता कोट माझ्या तोंडावर फेकतील. माफी मागायला मी तोंड उघडलं.

नानांनी दोरी बोटाभोवती घेतली. एक वेढा, दुसरा आतून, टोक मधून वर. ओढलं. मण्यासारखी घट्ट, गोल गाठ झाली. खाली न बघताच दुसरी बांधली. पाचही झाल्या तेव्हा ओळीने माझ्यापुढे ठेवल्या.

“सैल ऱ्हायली की वारं शिरतं आत,” ते म्हणाले. बाहेर वैशाखाचं ऊन रखरखत होतं.

मला राहवलं नाही. “नाना, तुम्हाला ही गाठ शिकवली कोणी?”

नाना उठले. टोपी सारखी केली.

“व्हता एक,” म्हणाले. “पहाऱ्यावर. माझ्याच वयाचा.”