बाईंच्या खाड्या

आपली चूक कोणी दाखवली तर बाईंना राग येत नसे. बरोबर उत्तर कोणी आयते सांगितले, तर मात्र त्या दिवसभर धुमसत राहत. एकदा शब्दकोड्यातला एक शब्द त्यांना अडला आणि आमच्या तात्यांनी तो सहज बोलून दाखवला. बाईंनी कात्री मागवली, ते कोडे वर्तमानपत्रातून नीट कापले आणि तात्यांच्या हातात ठेवले. "घ्या. आता हे तुमचं झालं." तात्या एसटीचे निवृत्त चालक. आंबा घाटात समोरून ट्रक आला तरी न डगमगणारा तो माणूस त्या दिवशी चहा न घेता घरी गेला.

मिरजोळ्याच्या बाजूला आमची लहानशी वसाहत आहे. तिच्या टोकाच्या घरात बाई एकट्या राहत. सगळी नोकरी त्यांनी भूगोल शिकवण्यात घालवली होती. यजमान गेल्यावर मुलीने, मेधाने, त्यांना ठाण्याला चला म्हणून अनेकदा विनवले. बाईंचे उत्तर ठरलेले होते : "तिकडे मी पाहुणी. इथे मी घरमालकीण." वय वाढले तरी बुद्धीला गंज चढू द्यायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता आणि तो एकटीने पाळण्यासारखा नाही, असेही त्यांचे मत होते. म्हणून रोज दुपारचा चहा झाला की त्यांच्या पडवीत आम्हा निवृत्तांची बैठक भरे. सुडोकू, शब्दकोडी, उलटे पाढे, सगळे असे. मेंदूला नवे वळण लागावे म्हणून सर्वांनी डाव्या हाताने दात घासावेत, असेही एकदा फर्मान निघाले होते. दुसऱ्या दिवशी तात्यांनी तक्रार केली, "ओ बाई, डाव्या हातानं कवळीच मोरीत पडली की ओ!" बाई शांतपणे म्हणाल्या, "उचलली ना? मग झाला व्यायाम."

मला चारचौघांत बोलण्याची सवय कधीच नव्हती. कॉलेजच्या कार्यालयात मी आयुष्यभर इतरांचे ऐकले आणि मसुदे लिहिले. बैठकीतही मी खांबाशी बसून ऐकत असे. बाईंनी काही दिवस ते चालू दिले आणि मग एके दिवशी सर्वांदेखत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ऐकता छान, पण नुसतं ऐकून मेंदूला घाम फुटत नाही. उद्यापासून खाड्या तुम्ही सुरू करायच्या." त्या रात्री मी खोलीत येरझाऱ्या घालत नावे घोकली. दुसऱ्या दिवशी माझा आवाज थरथरला, पण बाई माझ्याकडे न बघता पानाला चुना लावत राहिल्या. ती त्यांची दया होती, हे मला फार उशिरा उमगले.

खाड्या हा त्यांनीच रचलेला खेळ. बाणकोटपासून दक्षिणेकडे निघायचे आणि जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या खाड्या एकामागून एक ओलांडायच्या : केळशी, आंजर्ले, दाभोळ, जयगड, काळबादेवी, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. प्रत्येकाने टाळीच्या तालावर एक नाव घ्यायचे. थांबला तो बुडाला. सरळ जाणे सर्वांना जमू लागले, तेव्हा बाईंनी उलटा प्रवास काढला, आणि तो एकट्याने करायचा. नियम एकच, पण कडक : कोणी कोणाला सांगायचे नाही. सांगणारा आणि ऐकणारा, दोघेही बुडाले. बाई डोळे मिटून विजयदुर्गाहून निघत आणि एका दमात बाणकोट गाठत. आंजर्ल्याला त्यांची पहिली नोकरी. होडीने खाडी उतरून त्या शाळेत जात. ते नाव घेताना त्यांचा आवाज दरवेळी किंचित उजळत असे.

त्यांच्या त्या उलट्या प्रवासावर आमचा इतका विश्वास बसला होता, की इतर गोष्टींकडे आम्ही काणाडोळा केला. जेवण झाले की नाही, हे त्या शेजारच्या सुलभावहिनींना विचारू लागल्या होत्या. मला निरोप देताना दारात विचारलेला प्रश्न फाटकाशी पुन्हा विचारत. आम्ही एकमेकांना समजावत असू, की ज्या बाईंना अख्खा किनारा उलटा पाठ आहे, त्यांना काय होणार?

मग एका दुपारी त्या बाजारात म्हणून निघाल्या आणि हातखंब्याच्या तिठ्यावर सापडल्या. बस कोणती होती, आपण तीत का बसलो, हे त्यांना सांगता येईना. ओळखीच्या एका टपरीवाल्याने त्यांना बसवून पाणी दिले आणि मेधाला फोन लावला. रात्री मेधा आईशी बोलली तेव्हा मी आणि सुलभावहिनी तिथेच होतो. फोनचा आवाज मोठा होता.

"आई, मला आता झोप लागत नाही. मी रविवारी येते. तू मला ठीक दिसलीस, तर शब्द काढणार नाही. नाहीतर माझ्याबरोबर यायचंस."

"परीक्षा घेणार माझी?"

"घेते म्हण."

"घे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

तो आठवडा मी विसरू शकत नाही. बाई सकाळीच कोडी घेऊन बसत. आम्ही त्यांच्याभोवती असे वावरत होतो, जसे शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर नातलग वावरतात. बुधवारी त्या दोनदा अडखळल्या. एकदा भाट्ये आधी आले आणि पूर्णगड मागाहून. बाईच म्हणाल्या, "बुडाले. पुन्हा." त्यांच्या कपाळावर घाम होता. तात्यांनी नेहमीची थट्टा करून पाहिली, "अवो, माझ्या गाडीला खाडी कधी लागलीच नाय, सगळे पूलच लागले." कोणी हसले नाही.

रविवारी मेधा आली. चांगली मुलगी, थकलेली दिसत होती. आईसाठी तिने आवडीची खारी आणली होती. पडवीत आम्ही सगळे नेहमीच्या जागी बसलो, पण नेहमीसारखे काहीच नव्हते. आज वार कोणता, सकाळी काय खाल्ले, हे मेधाने बोलण्याच्या ओघात विचारले. बाईंनी ठीक सांगितले. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "आता बघ," आणि डोळे मिटले.

"विजयदुर्ग. जैतापूर. पूर्णगड. भाट्ये. काळबादेवी. जयगड. दाभोळ."

आणि त्या थांबल्या.

टाळी सुरूच होती. कोणाला ती थांबवायचे सुचले नाही. मी मान खाली घातली. त्यांची पहिली शाळा, पहिला पगार, ती होडी, सगळे त्या एका नावात होते आणि ते नाव येत नव्हते. बाईंनी डोळे उघडले. समोर सुलभावहिनी बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलले, आवाज न करता.

"आंजर्ले," बाई म्हणाल्या. "केळशी. बाणकोट."

मेधाने सुटकेचा श्वास सोडला. "आई, तू कमाल आहेस! मला तर सरळसुद्धा येणार नाही." तिने डोळे पुसले. "राहा बाई इथेच. मी उगाच घाबरले." तात्या खुर्चीतून उठले आणि चहा टाका म्हणून ओरडले. सगळे एकदम बोलू लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्या सुलभावहिनींकडे पाहत होत्या. रागाने नव्हे. "सुलभा, तू सांगितलंस."

"मी कुठं काय बोलले ओ बाई?" वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता.

"ओठ हलवलेस. आपण दोघी बुडालो."

"आई, एका नावाचं काय एवढं?" मेधा म्हणाली.

"एक नाव नाही ते. आंजर्ले आहे." बाईंचा आवाज स्थिर होता. "कुठे गेलं ते, मला शोधूनही दिसेना. तिथे काहीच नव्हतं."

सुलभावहिनी रडू लागल्या. "तुम्ही जाऊ नये म्हणून केलं मी. तुम्ही गेल्यावर या घराकडे बघवेल का मला?"

"म्हणूनच तुझ्यावर रागावले नाही," बाई म्हणाल्या. मग मेधाकडे वळल्या. "मी येते तुझ्याबरोबर. आत्ता मला कळतंय की मी जातेय. उद्या-परवा कदाचित तेही कळायचं नाही. मला नेलं असं नको व्हायला. मी गेले असं होऊ दे."

मेधाने आईचा हात धरला. मला फार काही म्हणायचे होते. वाक्ये जुळली होती, अगदी व्याकरणशुद्ध; पण ओठांपर्यंत आली नाहीत. बाईंनी माझ्याकडे पाहिले. "भाऊ, बैठक तुम्ही चालवा. माझ्यासारखी चालवू नका. तुमच्यासारखी चालवा."

निघायच्या सकाळी आम्ही सगळे गाडीशी जमलो. बाईंनी कुलूप स्वतः लावले, ओढून पाहिले आणि किल्ली मेधाला दिली. मागच्या सीटवर उशी ठेवली होती, तरी त्या पुढेच बसल्या. पट्टा ओढून घेतला. त्याचे टोक खाचेत बसेना. एकदा हुकले, पुन्हा हुकले. मेधाचा हात अर्ध्यावर आला आणि तिने तो मागे घेतला. सुलभावहिनींनी पदर मुठीत आवळला. तात्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. आम्ही सगळे श्वास रोखून त्या खाचेकडे पाहत उभे राहिलो. बाई घाई न करता, खाली वाकून, टोक फिरवून पाहत होत्या.

खट् असा आवाज झाला. बाई ताठ बसल्या आणि समोर पाहत म्हणाल्या, "चल."