फणसावरची कुऱ्हाड

त्या वर्षी देवाशी माझं जरा बिनसलंच होतं. लग्नानंतर कित्येक वर्षांनी मुलगा झाला, तर आनंद कमी आणि धास्तीच जास्त. बाळ साधं शिंकलं तरी काळजात धस्स व्हायचं. गणपतीपुढे दिवा लावताना मी मनात म्हणायचे, तू खरंच बघतोस ना रे? की मी आपली भिंतीशीच बोलतेय?

ऐंशी सालाच्या सुमाराची गोष्ट. आमच्या बेटावर बो बासँ गावात आमचं लाकडी घर, आणि बाळाच्या खिडकीसमोर सासऱ्यांनी लावलेला फणस. सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, येतोय असं रेडिओ सांगू लागला आणि मी हट्टच धरला, फणस तोडा, नाहीतर तो पोराच्या अंगावर पडेल. आमचे हे सरकारी कचेरीतून लवकर घरी आले, पण सोबत एक परक्या बाई. विमानं बंद झालेली, आणि त्या बाई बस स्टॉपवर एकट्याच उभ्या होत्या. रूथ त्यांचं नाव, पन्नाशीच्या, धर्माने ज्यू. वडिलांची कबर बघायला आल्या होत्या. महायुद्धात युरोपातून पळालेल्या ज्यूंना इंग्रजांनी आमच्याच गावच्या तुरुंगात डांबलं होतं, आणि या तेव्हा तिथे लहान मुलगी होत्या. मी तर चाटच पडले! सगळा जन्म इथे गेला आणि मला याचा पत्ताच नाही.

बाळाच्या जावळावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही काही घरांत मुलाचे केस तीन वर्षं कापत नाहीत. नव्या झाडाचं फळसुद्धा तीन वर्षं खायचं नाही. आधी त्याला वाढू द्यायचं." ऐकून बरं वाटलं मला. तेवढ्यात यांनी कुऱ्हाड काढली. बाई धावत गेल्या आणि फणसाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"पा कुपे! तोडू नका!" त्या क्रेओलमध्ये ओरडल्या. "खायला देणारं झाड आम्ही लढाईतसुद्धा तोडत नाही. फांद्या छाटा हवं तर. घाबरलेला माणूस आधी आपल्या माणसांवरच वार करतो, मी पाहिलंय."

माझं डोकंच फिरलं. "अहो, पाहुण्या असतील त्या, पण पोर आपलं आहे ना!" मी यांना म्हटलं. पण यांनी फांद्याच तेवढ्या उतरवल्या, बुंधा ठेवला. मी रागाने बाळाला घेऊन आत गेले.

दुपारी वारा सुटला. घर थरथरत होतं. मी बाळाला पाळण्यात दाबून धरलं होतं. अचानक बाहेर असा काही आवाज झाला की मला वाटलं, पडला मेला फणस! मी डोळे मिटून घेतले. काहीच पडलं नाही.

वारा ओसरल्यावर यांनी खिडकी उघडली, आणि मी बाहेर डोकावले. शेजाऱ्यांच्या छपराचा अख्खा पत्रा उडून आला होता आणि फणसाच्या बुंध्यात खोल रुतला होता. त्याची धार सरळ पाळण्याच्या रोखाने. जखमेतून पांढरा चीक गळत होता. मला रडूही येईना. अगं बाई, हे झाड मी तोडायला निघाले होते!

मी रूथबाईंच्या पाया पडले. त्या अवघडल्या, मागे सरल्या, आणि जखमेवर लिंपायला माती मागू लागल्या. आम्ही दोघींनी मिळून ती लिंपली.

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही, आणि मी कोणाशी वादही घालत नाही. आजही दिवा लावते, पण आता देवाला काय करायचं ते शिकवत नाही. मी पोराला वाचव म्हणून त्याच्या विनवण्या करत होते, आणि त्याने ज्याला राखणीला उभं केलं होतं, त्याच्यावरच कुऱ्हाड चालवायला सांगत होते.