चोविसावं पत्र

पत्रांची कल्पना माझी होती. हे आधी लिहून ठेवतो, कारण बातमीत मी ते लिहिलं नव्हतं.

माझ्या चुलतभावाच्या मुलीला सहावीत असताना रक्ताचा कॅन्सर निघाला. भाऊ आणि वहिनी तिला घेऊन नागपूरला दवाखान्यात राहिले. त्यांचं गाव पवनी तालुक्यात. मी भंडाऱ्याला, एका दैनिकाचा वार्ताहर. गावानं जे करायचं ते न सांगता केलं. शेजाऱ्यांनी त्यांचा धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, उरकून दिला. रक्त द्यायला माणसं दोन खेपांत नागपूरला जाऊन आली. मुलांनी काय करावं, एवढंच उरलं होतं. मी शाळेत गेलो आणि वर्गशिक्षकांना सुचवलं की वर्गानं तिला पत्रं लिहावीत.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "मी फळ्यावर लिहून देतो. नाही तर हे पोट्टे काय लिहितील, नेम नाही."

फळ्यावर पाच वाक्यं होती. लवकर बरी हो, धीर सोडू नकोस, आम्ही सर्व तुझ्या पाठीशी आहोत, अशी. तेवीस मुलांनी ती उतरवली. दोन मुलग्यांनी शेवटचं 'तुझी मैत्रीण' हेही तसंच उतरवलं. मी गठ्ठ्याचा फोटो काढला.

मोटारसायकल सुरू करत होतो, तेव्हा एक मुलगी फाटकापर्यंत धावत आली. पहिलीपासून माझ्या पुतणीच्या शेजारी बसणारी. तिच्या हातात वहीचं एक पान होतं, चार घड्या घालून डिंकानं चिकटवलेलं.

"काकाजी, हे बी तिले द्या. गठ्ठ्यात माह्यं आहे, पर ते सरचं आहे. हे माह्यं आहे."

"देतो."

"सरले नोका सांगू."

"नाही सांगत."

नागपूरच्या वाटेवर भिवापूरला चहाला थांबलो, तिथं मी ते उघडलं. उघडायचं काही कारण नव्हतं. दुसऱ्याचं लिहिलेलं आधी आपण वाचायचं, ही माझ्या धंद्याची सवय. डिंक अजून ओला होता, पान फाटलं नाही.

"इथं सगळे म्हणतात का तू मरशीन. मी म्हटलं नाही मरत. तुह्ये केस गेले ते बेस झालं, तुह्या उवा मले लागत होत्या, आता माही आई मले मारत नाही. तुह्या जागेवर मी दप्तर ठेवतो. कोनाले बसू नाही देत. सर ओरडतात. तू येशीन का नाही ते लिहून पाठव. नाही येत अशीन त तसं लिही, मंग दप्तर उचलून घेईन. पर येशीन."

पेपरच्या डेस्कवर मला शिकवलं होतं की ज्या वाक्याबद्दल शंका आहे ते काढून टाकावं. इथं पहिल्याच वाक्याबद्दल शंका होती. मी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि चहा संपवला.

वॉर्डात पुतणी उशीला टेकून बसली होती. "फोटो काढाचा असन त टोपी घालू द्या," म्हणाली. गठ्ठा दिल्यावर तिनं वरून वाचायला सुरुवात केली नाही. अक्षर शोधत गेली. मैत्रिणीचं पत्र सापडलं, ते वाचलं. मग त्याखालचं वाचलं, मग त्याच्याखालचं. पाचव्यावर थांबली.

"हे सगळे एकच आहेत."

वहिनी म्हणाली, "अवं, साऱ्या वर्गानं आठवण काढली तुही."

"हो." मग माझ्याकडे पाहून, "काकाजी, तिनं आनखी काही देलं?"

कागद खिशात होता.

"नाही. एवढंच."

तिनं पत्रं सारखी केली आणि आईकडे दिली. पुन्हा मागितली नाहीत, असं वहिनीनं नंतर सांगितलं.

माझी बातमी तीन कॉलम लागली. मथळा 'तेवीस पत्रांचा धीर'. शिक्षकांनी ते कात्रण शाळेत लावलं.

दिवाळीनंतर गावी गेलो, तेव्हा बाजारात ती मैत्रीण भेटली. आईसोबत होती, हातात वांग्यांची पिशवी.

"काकाजी, तिले देलं ना?"

"दिलं."

"मंग काय म्हणली?"

"औषधं सुरू आहेत. तिला लिहिता येत नाही अजून."

तिनं मान हलवली. सातवीच्या सुरुवातीला पुतणी घरी परतली. शाळेत गेली तेव्हा तिच्या जागेवर दप्तर होतं. मैत्रिणीनं ते उचललं. पुतणी मागच्या बाकावर जाऊन बसली. वर्षभर दोघी एका वर्गात होत्या आणि बोलत नव्हत्या. एकीला वाटत होतं की हिनं फळ्यावरचं उतरवून हात झटकले. दुसरीला वाटत होतं की आपण इतकं लिहिलं, विचारलं, आणि हिनं एका ओळीचं उत्तर दिलं नाही. वहिनी एकदा मला म्हणालीही, "पोट्टीचं काय बिनसलं समजत नाही." मी म्हणालो, "आजारपणानं मुलं बदलतात."

सातवीनंतर मैत्रीण पुढच्या शिक्षणाला लाखनीला मावशीकडे निघाली. गावात सगळ्यांच्या घरी निरोप घेत फिरली, तशी पुतणीच्या घरीही आली. अंगणात दोघींचं भांडण झालं. संध्याकाळी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, तुमी पेपरात तेवीस पत्रं छापले. चोविसावं कुठी गेलं?"

ते माझ्या टेबलाच्या खणात होतं, जुन्या प्रेसनोटांच्या खाली. फाडलं का नव्हतं, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. मैत्रीण सकाळच्या एसटीनं गेली होती. पुतणीनं ओसरीवर उभ्यानंच पत्र वाचलं. उवांच्या ओळीवर तिला हसू आलं, ते लगेच गेलं.

"हे कायले नाही देलं?"

"तुला वाईट वाटलं असतं. मरण्याचं लिहिलं होतं."

"मरन्याचं त मले डॉक्टरच्या तोंडूनच समजलं होतं. जागा ठेवली हे नोतं मालूम."

भाऊ बाजेवर बसून ऐकत होता. वहिनीनं पाणी आणून ठेवलं, चहाचं विचारलं नाही. पुतणी आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात पाकीट होतं, डिंकानं बंद केलेलं. त्यावर लाखनीचा पत्ता.

मी हात पुढे केला. "दे, जाताना पोस्टात टाकतो."

"राहू द्या, काकाजी. बाबा आताच चालले लाखनीले."

भावाचं लाखनीला काहीच काम नव्हतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. तो उठला आणि मोटारसायकलची चावी शोधू लागला.