आईच्या झिम्म्याचं गाव

पिराजीची आणि माझी पहिली भेट रंकाळा स्टँडवर झाली. मी पाठमोरा उभा होतो. मागून असा आवाज आला, की राधानगरीच्या एसटीच्या ड्रायव्हरने ट्रक आला समजून गाडी बाजूला घेतली आणि तळ्यातले बगळे थेट पन्हाळ्यावर जाऊन बसले. वळून पाहिलं, तर आडव्या अंगाचा एक माणूस डोळे मिटून गात होता. शिरोलीच्या फाउंड्रीत, यंत्रांच्या खडखडाटात, अर्धं आयुष्य काढल्यावर माणूस कुजबुजतोही असाच.

"पावणं, ही चाल कुठं ऐकलीसा का?" त्याने माझा हात धरला. तो आजतागायत दुखतो.

ती त्याच्या आईच्या झिम्म्याची चाल होती. आईने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, माहेर तुटलं, आणि पिराजी लहान असतानाच ती गेली. वडिलांनी तिच्या गावाचं नाव कधी काढलं नाही. आता तेही नाहीत. गौरीत झिम्मा खेळताना बायका माहेरच्या चाली गातात. तेव्हा चाल सापडली की माहेर सापडलं, हा त्याचा हिशेब. मलाही तो पटला, कारण हात अजून त्याच्या मुठीत होता.

राधानगरीची एसटी समोरच होती, म्हणून आम्ही तिकडचीच गावं पालथी घातली. गावात शिरलं की पिराजी घसा फोडून चाल म्हणायचा, आणि आमचा चहा होईस्तो बायका तीच चाल गायला लागायच्या. पहिल्या गावात तो रडला. दुसऱ्यातही रडला. चौथ्या गावात मला शंका यायला लागली, की एका बाईला माहेरं असावीत तरी किती?

त्याला शंका नव्हती. त्याने तिथल्या म्हाताऱ्या सरुबाईंचे पाय धरले. "मावशे, माझी आई हितलीच!"

सरुबाई दचकल्या. "बाबा, ही चाल आमची न्हाय. तूच आत्ता म्हणून दावलीस की."

"मग तुमी म्हटलीसा कशाला?"

"पावणं एवढं जीव तोडून म्हणतंय, आन् आमी गप बसायचं व्हय?"

पिराजीचं तोंड उघडं राहिलं. उघड्या तोंडातून आवाज न येण्याची त्याची ही पहिलीच वेळ. "मागल्या गावांनी बी?" त्याने डोळे पुसत मला विचारलं. मी कपातला चहा संपवला. सगळ्याच गावांनी पाहुणचार केला होता.

"रडू नगं," सरुबाई म्हणाल्या. "चाल ग्वाड हाय. ऱ्हाऊ दे आमच्याकडं."

यंदाच्या गौरीला त्या चारही गावांत तीच चाल म्हटली गेली, गावची जुनी म्हणून. पिराजीच्या आईचं माहेर सापडलं नाही.