कुलपातले दिवे

"काढा तो हार! आधी काढा म्हणतो!"

ओरडत होतो मीच. मी पी.टी.चा मास्तर. उचगावच्या आमच्या शाळेत मी आवाज चढवला की कोल्हापूर स्टेशनात उभी असलेली गाडी शिट्टी झाली समजून हलते. त्या दिवशी तर ती जयसिंगपूरला न थांबता पुढं गेली असणार. शिकलगार बाईंना जाऊन महिना झाला होता, आणि आमचे मुख्याध्यापक आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला झेंडूचा हार घालत होते. कपाटावर बाईंचा फोटो, खाली रंगवलेली पाटी : 'स्मृतिकपाट'. जे कपाट उघडावं म्हणून बाई भांडल्या, त्याच्यावरच त्यांचा फोटो!

कपाटात होते वीस बोर्ड. बिस्किटाएवढी चकती, दोन सेलवर चालणारी, तिच्यावर पाच ओळींत पाच-पाच असे पंचवीस तांबडे दिवे. पोरांनी संगणकावर नाहीतर मोबाइलवर चार हुकूम लिहायचे आणि बोर्डात भरायचे, की दिवे सांगू तसे लागतात... बदाम, बाण, स्वतःचं नाव. बोर्ड आले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी एक लावून दाखवला, टाळ्या घेतल्या आणि विसाच्या वीस कुलपात घातले. "फुटला तर जबाबदार कोण?" दरवर्षी तपासणीला प्रत्येक खोकं बाहेर काढायचं, कानाशी धरून नारळासारखं हलवायचं, जड लागलं की नोंदवहीत 'सुस्थितीत' लिहायचं. उघडायचं मात्र नाही. वरचं सील तुटतं ना!

बाई विज्ञानाच्या. बोर्ड मिळेनात तेव्हा त्या माझ्याकडं मैदानावर आल्या. "पवार सर, पंचवीस पोरं द्या. लाल टोप्या घालून." पोरं पाच-पाचच्या ओळीत उभी केली. उभा पोरगा म्हणजे लागलेला दिवा, बसलेला म्हणजे विझलेला. प्रत्येकाच्या हातात हुकमाची चिठ्ठी. बाईंनी फळ्यावर लिहिलं : उठा, एक मोजा, बसा, एक मोजा, हे कायम करा. शिट्टी वाजली आणि मैदानावर बदाम धडधडायला लागला! मी तालमीत वाढलेला माणूस, पण सांगतो, डोळ्यात पाणी आलं. तेवढ्यात बाईंना ऑफिसात फोन आला. पोरं उठतायत, बसतायत... आजऱ्याचा काजू फुलून, फळून, भाजून बाजारात आला असेल तोवर. मी "थांबा रे" म्हणून बोंबललो तर पहिल्या ओळीतली सानिका बसता-उठता म्हणते, "चिठ्ठीत थांबा न्हाय, सर!" बाई धावत आल्या, धापा टाकणाऱ्या पोरांपुढं कान धरले. "पोरांचं बरोबर आहे. थांबायचं कधी, ते मीच लिहिलं नाही." चूक झाली म्हणून पोरांपुढं कान धरणारा दुसरा शिक्षक मी अजून बघितलेला नाही. आरशातही नाही.

दोन वर्षं त्या कपाटासाठी भांडल्या. अर्ज दिले, पालकसभेत उभ्या राहिल्या, मी मागनं आवाज दिला. आणि मग एकाएकी गप्प! मला असा राग आला की बस्. "हरला व्हय बाई? एवढ्यात?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, भांडारातनं जरा खडू द्या की." भांडार माझ्याच ताब्यात, दिले. आठवड्यानं पुन्हा मागितले. "बाई, खडू खाता काय?" तर हसल्या. शाळेत काही कुजबुज चालली आणि मी गेलो की त्या बोलायच्या थांबायच्या. "तुम्हाला गुपित सांगण्यापेक्षा रिक्षाला भोंगा बांधून गावभर फिरवलेला बरा," असं तोंडावर म्हणायच्या. मी मनातनं त्यांना भित्री ठरवून टाकलं. शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हासुद्धा घुश्शातच होतो. त्यांनी विचारलं, "पोरं मैदानावर येतात ना?" मी नुसती मान हलवली... आता ते मान हलवणं मला परत घेता येत नाही.

म्हणून त्या दिवशी ओरडलो. "जिवंतपणी उघडलं न्हाय, आता पूजा घालताय? द्या बोर्ड पोरांना!" मुख्याध्यापक म्हणाले, आता ती बाईंची आठवण आहे, हात लावता येणार नाही. आणि चहाला निघून गेले. मी तिथंच बाकावर बसलो. शिपाई दत्तूमामा झेंडूच्या पाकळ्या झाडत होते. शाळेच्या सगळ्या चाव्या त्यांच्याच कमरेला. त्यांना म्हणालो, "मामा, पहार आणा. आज ह्या कपाटाचं कुलूप फोडतो, मग नोकरी जाऊ दे!"

मामांनी केरसुणी थांबवलीसुद्धा नाही.

"कशाला फोडताय? बोर्ड दोन वर्सं झाली पोरांच्या घरात हायती. खोक्यात तुमचं खडू हायत."