एक, दोन, तीन आणि कोंडीबा

चार जुने मास्तर एकत्र बसले की निवडणुकीचे किस्से निघतातच. माझ्याकडे त्यांचा ढीग आहे, आणि सगळे एकाच निवडणुकीचे! लोक पोट धरून हसतात. शेवटचा किस्सा मात्र मी आजवर गिळत आलो, कारण त्यात मला माझीच लाज वाटते.

साठ सालच्या आसपास मी मुळशीत, नांद्याच्या पुढच्या एका गावात मास्तर होतो. ग्रामपंचायतीत जागा एक, इच्छुक चार. निवडणूक बिनविरोध व्हावी म्हणून गावानं आधी आपसात मत घ्यायचं ठरवलं. पद्धत मी सुचवली, शहाणपणा मिरवायला! नुसती फुली नको. चौघांनाही पसंतीनं एक ते चार नंबर द्या. एक नंबरची मतं कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर तळाचा बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्यांवरचा दुसरा नंबर मोजायचा.

*

समजावताना मी फळांची नावं घेतली. सरूमावशी म्हणाली, "आंबा येक नंबर. त्यो न्हाई मिळाला तर फणस. ह्यात शिकवायचं काय हाय, गुर्जी?"

माझं तासाभराचं व्याख्यान तिथंच संपलं!

*

मग सराव घेतला. इच्छुकांपैकी एक म्हणजे रामा नावाच्या गड्याचा मामा. रामानं त्याला चक्क दहा नंबर दिला!

"शाळंत धापैकी धा म्हंजी पैला ना? मग मामाला येक देऊन नापास करू व्हय?"

*

दुसरे इच्छुक पाटील. त्यांच्याच खोलीत मी फुकट राहायचो, दूधही त्यांच्याकडचंच. त्यांनी एक, दोन, तीन, चार, सगळे नंबर स्वतःलाच दिले!

"पाटील, दुसरा नंबर दुसऱ्याला द्यायचा."

"दुसरा हाय कोन हितं?"

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. ते हसू आठवलं की आता कसंतरीच होतं.

*

बाकीच्या चिठ्ठ्या बघतो तर जवळजवळ सारख्या! पाटील एक, त्यांचे चुलते दोन, रामाचा मामा तीन. पोळ्याला मानाच्या ज्या क्रमानं बैल वेशीतून निघतात, तोच! चौथा डोंगरावरच्या वाडीतला कोंडीबा.

"अरे, कोंडीबाला सगळ्यांनी चारच कसा?"

"त्याला बैल कुटं हाय, गुर्जी?"

मी भडकलो. "पसंती म्हणजे मान नव्हे!" म्हणून सगळ्या गावाला झाडलं.

*

कोंडीबाला पंच व्हायचं होतं ते वाडीसाठी विहीर मागायला. तिथल्या बायका ओढ्याचं गढूळ पाणी भरायच्या. माझ्या साक्षरता वर्गात तो आकडे शिकत होता. माझा चारचा आकडा गावात वेगळाच, खालच्या गाठीला लांब शेपूट. तोच मी त्याला पाटीवर गिरवायला दिला होता.

"माझा एक नंबर तुलाच," मी त्याला शब्द दिला.

मताच्या दिवशी चिठ्ठी घेऊन बसलो. समोर पाटील पान लावत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. मला खोली आठवली, दूध आठवलं. हात आपोआप चालला.

चावडीत मोजणी झाली. पाटील पहिल्याच फेरीत निवडून आले. कोंडीबाला एक नंबर एकच मिळाला, त्यानं स्वतःला दिलेला. तो मांडी घालून एकेक चिठ्ठी बघत बसला. त्यातली एक बाजूला काढून त्यानं माझ्यासमोर धरली.

"गुर्जी, ह्यो चार बघा. म्या किती गिरवला, पर शेपूट अजून तुमच्यावानी येत न्हाई."