जोतिबाकडे पाय

बाइक कम्युनिटीतल्या मंडळींनो, दमलोय, तरी लिहितो.

नोकरी साताऱ्यात, घर कोल्हापुरात. दर आठवड्याच्या या प्रवासाने गुडघा गेला. म्हणून उचगावात मोटरसायकलच्या लेगगार्डवर जादा फूटरेस्ट बसवून घेतले. त्यांवर पाय पुढे लांब सोडता येतात. आज येताना गुडघा पहिल्यांदाच गप्प होता.

वाटेत जोतिबाचं दर्शन घ्यायचं ठरलं होतं. पेठ वडगावच्या अलीकडे त्याचा डोंगर दिसू लागला. या खेपेला सोबत आलेल्या बायकोने मागून पाठीत बोट खुपसलं.

"अवो, पाय खाली घ्या."

"का?"

"देवाकडं तंगड्या करून निघालाय व्हय?"

"देव अजून लांब आहे."

"तुमास्नी डोंगर दिसतोय न्हवं? मग त्यालाबी तुमी दिसताय की!"

पाय खाली घेतले. घाट चढेपर्यंत गुडघा पेटला. देवळाच्या पायऱ्या तिच्या खांद्यावर हात ठेवून उतरलो. देवापुढे तिने डोळे मिटून माझा गुडघाच मागितला.

डोंगर पाठीमागे पडल्यावर म्हणाली, "आता पसरा." पण पाय सरळच होईना.

असे फूटरेस्ट बसवलेल्यांनो, देवाच्या वाटेवर तुम्ही पाय कुठे ठेवता? तिला पटेल असं काही सांगा. गुडघ्यासाठी तिने जोतिबाच्या वारीचे पाच रविवार बोललेत. आजचा पहिला.